मदतीचा हात कोठे थांबावा?

गेल्या वर्षी थंडीच्या दिवसांत आमच्या हातून एक चूक झाली. तिच्यात कोणाचे नुकसान झाले नाही; उलट घरात एक प्रशस्तिपत्र आले. म्हणूनच ती चूक आहे हे कळायला आम्हांला बरेच दिवस लागले. आईबाप आणि शब्बाथ शाळेचे शिक्षक यांच्यापुढे ती मांडावी असे वाटते, कारण तशीच चूक करणारे आमच्याखेरीज पुष्कळ असतील, आणि आमच्याप्रमाणे तेही ती प्रेमापोटीच करीत असतील.

आमचा नातू तेव्हा आठवीत होता. आमच्या सीमाभागातील काही शाळांची मिळून एक प्रकल्प-स्पर्धा ठरली होती. मुलांनी स्वतः विचार करून एखादे यंत्र बनवायचे आणि ते परीक्षकांपुढे चालवून दाखवायचे. नातवाने काळ्या रेषेवरून आपोआप चालणारी छोटी गाडी निवडली. ज्यांनी अशी गाडी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. गाडीच्या पोटाखाली दोन-तीन सेन्सर असतात. ते डोळ्यांना न दिसणारे इन्फ्रारेड किरण जमिनीवर सोडतात. पांढरा कागद ते किरण परत पाठवतो, काळी रेषा ते गिळून टाकते. परत किती आले यावरून गाडीतील छोटी पाटी, म्हणजे सर्किट-बोर्ड, ठरवते की रेषा डावीकडे गेली की उजवीकडे, आणि त्याप्रमाणे दोन चाकांच्या मोटारींचा वेग कमीजास्त करते. कल्पना सोपी आहे, पण गाडी वळणावर नीट वळावी म्हणून किती जोराने वळायचे याचा एक आकडा प्रोग्रॅममध्ये घालावा लागतो. तो आकडा लहान पडला तर गाडी रेषा सोडते; मोठा झाला तर दारू प्यालेल्या माणसासारखी डुलत चालते.

स्पर्धेच्या आदल्या रात्री नातवाची गाडी सरळ रेषेवर चालत होती, वळणावर मात्र बाहेर पडत होती. त्याने दहा वेळा आकडा बदलून पाहिला, शेवटी रडवेला होऊन झोपी गेला. आम्हांला ते पाहवेना. शेजारी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणारा एक मुलगा राहतो. त्याला आम्ही हाक मारली. भला पोरगा, रात्री बारापर्यंत बसला, प्रोग्रॅम निम्म्याहून अधिक नव्याने लिहिला, एक सेन्सर काढून दुसरीकडे लावला. सकाळी नातू उठला तेव्हा गाडी वळणावरून अशी गेली, की जणू रुळावर आहे. तो हसला, पण काही बोलला नाही. ते न बोलणे तेव्हा आमच्या ध्यानात आले नाही.

स्पर्धेत पहिली फेरी झकास झाली. मग परीक्षकांनी विचारले, “बाळ, हा आकडा असाच का ठेवलास?” नातू गप्प राहिला आणि त्याने मागे वळून आमच्याकडे पाहिले. पुढे दहाच्या सुमारास ऊन वर आले आणि खिडकीतून थेट टेबलांवर पडू लागले. आमची गाडी जागच्या जागी गोल फिरू लागली. शेजारच्या टेबलावर निपाणीकडील एका शाळेची मुलगी होती. तिची आई विड्या वळते, असे तिच्या बाईंकडून कळले. तिच्या गाडीला जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्याचे अंग होते. तीही अडखळली. पण त्या मुलीने गाडीवर हाताची ओंजळ धरून पाहिली, गाडी चालली. ओंजळ काढली, गाडी थांबली. उन्हातही इन्फ्रारेड किरण असतात आणि ते सेन्सरला फसवतात, हे तिला कोणी शिकवले होते की तिने तिथेच ताडले, कोण जाणे. तिने वहीचे काळे कव्हर फाडून सेन्सरभोवती झापड लावली आणि गाडी पुन्हा रेषेवर आली, हळूहळू का होईना. आमच्या नातवाला काय करावे हे सुचले नाही, कारण गाडीच्या आत काय आहे हे त्याला ठाऊकच नव्हते.

निकालात पहिल्या फेरीच्या वेळेवरून आमच्या नातवाला तिसरा क्रमांक मिळाला. त्या मुलीला काही मिळाले नाही.

प्रशस्तिपत्र भिंतीवर लावू, असे आम्ही म्हणालो. ते कपाटाच्या खणात गेले. महिन्याभराने आम्ही विचारले तेव्हा तो म्हणाला, “आज्जा, ते माझं नाही. त्या दादाचं आहे.” तेव्हा आमच्या लक्षात आले, की आम्ही नातवाला बक्षीस दिले नव्हते, एक खोटे दिले होते, आणि ते त्याला एकट्याला सांभाळावे लागत होते. दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन शाळेत गेलो आणि घडले ते सांगितले. शिक्षक हसून म्हणाले, “अहो, सगळेच करतात. मनाला लावून घेऊ नका.” त्या उत्तराने आमचे समाधान व्हायला हवे होते, पण तेच उत्तर अधिक सलत राहिले.

सगळेच करतात, हे खरे आहे काय? बऱ्याच अंशी खरे असावे. अशा स्पर्धा आता गावोगाव पोचल्या आहेत. केंद्र सरकारच्या नीती आयोगाने २०१६ पासून अटल इनोव्हेशन मिशनखाली सहावी ते बारावीच्या मुलांसाठी शाळांत टिंकरिंग लॅब काढल्या, एकेका शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान ठेवले, आणि आज अशा प्रयोगशाळांची संख्या १० हजारांवर गेली आहे. इन्स्पायर-मानक योजनेत शाळकरी मुलाच्या कल्पनेला यंत्राचे रूप देण्यासाठी १० हजार रुपये मिळतात. बेळगाव तर तंत्रशिक्षणाचे गाव. गोगटे इन्स्टिट्यूट १९७९ सालची, विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ १९९८ पासून येथे. उद्यमबागेतील फौंड्र्या आणि लेथ यांच्या आवाजात आमच्या दोन पिढ्या वाढल्या. अशा ठिकाणी मुलाने यंत्र बनवावे ही हौस स्वाभाविक आहे. पण हौसेपाठोपाठ दुकानात तयार मॉडेल विकत मिळू लागते, शिकवणीचे मास्तर रात्री जागून मुलाचे काम पुरे करतात, आणि शाळेला ढाल हवी असते म्हणून कोणी काही विचारीत नाही.

या स्पर्धा सुरू करणाऱ्यांचा हेतू मात्र निराळा होता. पुस्तकातील उत्तर परीक्षेच्या दिवशी एकदा बरोबर किंवा चूक ठरते आणि संपते. प्रकल्पाचे तसे नाही. विचार करा, कागदावर काढा, बनवा, चालवून पाहा, मोडेल, का मोडले ते शोधा, पुन्हा बनवा. शिक्षण या साखळीच्या कोणत्या कडीत असते? बनवण्यात थोडे असते. पण खरे शिक्षण मोडल्यापासून पुन्हा बनवीपर्यंतच्या मधल्या वेळात असते. त्या वेळात मूल एकटे असते, चिडलेले असते, आणि त्याला दिसत असलेली गोष्ट नाकारता येत नाही. शिक्षकाची समजूत घालता येते, आईला गोड बोलता येते. पण रेषा सोडणारी गाडी कोणाची भीड धरीत नाही. सत्याशी इतकी सरळ गाठ शाळेत दुसरीकडे क्वचितच पडते. आम्ही नातवाकडून नेमका तोच वेळ, रात्री नऊ ते बारा, काढून घेतला.

मग कोणी म्हणेल, तर मुलांना मदतच करू नये असे तुमचे म्हणणे आहे काय? जे जमेल ते त्यांनी करावे, नाही जमले तर राहू द्यावे?

हा आक्षेप हलका नाही. मदत अगोदरच असमान वाटली गेली आहे. आमच्या नातवाच्या शेजारी अभियांत्रिकीचा विद्यार्थी राहतो. विडी वळणाऱ्या आईच्या मुलीच्या शेजारी कोण राहते? निपाणी हा तंबाखूचा मुलूख. तेथील पुष्कळ घरांत बायकांच्या हातांवर चूल पेटत आली आहे. अशा घरातील मुलीला मोटारीचे पैसे कोठून मिळायचे? शिवाय आमच्या भागात घरात मराठी, शाळेत कानडी किंवा मराठी, कचेरीत कानडी, आणि बोर्डाबरोबर आलेला माहितीचा कागद इंग्रजीत. यंत्र समजण्याआधी मुलाला तीन भाषांचे कुंपण ओलांडावे लागते. अशा मुलाला तू आपले आपण कर असे सांगणे हा न्याय नव्हे. ते हात झटकणे होईल. तेव्हा मदत करू नये, हे उत्तर होऊच शकत नाही.

या अडचणीत आम्हांला गलतीकरांस पत्राचा सहावा अध्याय आठवला. शब्बाथ शाळेत तो आपण कितीदा शिकवला असेल! दुसऱ्या वचनात पौल सांगतो, की एकमेकांची ओझी वाहावीत. आणि तीनच वचनांनंतर तोच सांगतो, की प्रत्येकाने आपला भार आपण वाहावा. मुले विचारतात, यातले खरे कोणते? मूळ ग्रीक भाषेत या दोन ठिकाणी दोन निराळे शब्द आहेत. पहिला ‘बारोस’, माणूस ज्याखाली दबून जातो ते ओझे. दुसरा ‘फोर्तिओन’, ज्याच्या-त्याच्या वाट्याला आलेले सामान. पहिले उचलायला हात लावला नाही तर आपण निर्दय ठरतो. दुसरे आपण उचलून घेतले तर त्या माणसाचे काहीतरी चोरतो. दोन्ही वचने खरी आहेत; कठीण आहे ते एवढेच, की समोरच्या मुलाच्या पाठीवर आता यांपैकी कोणते आहे, हे ओळखणे.

प्रकल्पाच्या बाबतीत आम्ही आमच्यापुरती वाटणी अशी केली आहे. मोटारीची किंमत, बसचे भाडे, काम करायला दिव्याखालची जागा, इंग्रजी कागदाचा मराठीत अर्थ, भाजणाऱ्या सोल्डरच्या कांडीपासून सावध करणे, आणि अपयशानंतर शेजारी बसणे, ही ओझी आहेत. ती मोठ्यांनी उचलावीत. आपल्या मुलाची तर उचलावीतच, पण ज्याचे कोणी नाही त्याची आधी उचलावीत. कल्पना, निवड, चूक, चुकीचा शोध, शेवटचा आकडा, आणि परीक्षकांपुढचे उत्तर, हा भार आहे. तो मुलाचा. आम्ही मात्र उलट केले होते. निपाणीच्या मुलीचे ओझे आम्ही पाहिलेसुद्धा नाही, आणि नातवाचा भार रात्रीत उचलून नेला.

आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियनची रोबोकॉन नावाची स्पर्धा २००२ साली टोकियोत सुरू झाली. देशोदेशींच्या महाविद्यालयांतील विद्यार्थी तीत आपण बनवलेले रोबो उतरवतात. ती दोनदा आपल्या पुण्यात भरली. २००८ साली विषय होता दहीहंडीचा, आणि २०१४ साली आईबापांच्या ऋणाचा. त्या दुसऱ्या वेळी प्रत्येक संघाला दोन रोबो करावयाचे होते, एक पालक आणि एक मूल. पालक-रोबो माणसाने चालवायचा. मूल-रोबो मात्र आपोआप चालायला हवा. पालकाने मुलाला खेळाच्या मैदानात न्यायचे, सी-सॉवर बसवायचे, झोक्यावर ठेवून झोका द्यायचा. पण खांबांवरून चालणे आणि शेवटी जंगल-जिमच्या शिड्या चढणे हे मुलाचे मुलाने करायचे. सगळे पार पडले की त्या विजयाला नाव दिले होते ‘शाबास’. नियम करणाऱ्यांनी ही वाटणी खेळाच्या सोयीसाठी केली असेल. पण आईबापांना सांगावयाचे ते तिच्यात सगळे आले आहे. मैदानापर्यंत न्या, झोका द्या, आणि शिडीपाशी थांबा. तेथे थांबल्याखेरीज शाबास म्हणता येत नाही, कारण आपण स्वतःच चढलो तर शाबास कोणाला म्हणणार?

आमच्या बेळगावच्या इतिहासातही असा एक धडा आहे. जिल्ह्यातील गुर्लहोसूरला जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ साली बेळगावात सायकलचे दुकान काढले. पुढे कडबा कापण्याचे यंत्र आणि मग लोखंडी नांगर त्यांनी बनवला. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि सुरुवातीचे नांगर विकायला दोन वर्षे लागली. ती दोन वर्षे कोणी त्यांच्याऐवजी काढू शकले नसते. त्यांना मदत मिळालीच नाही असे नव्हे. सायकलच्या धंद्यात भाऊ रामण्णा बरोबर होते. बेळगावातील जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या अधिपतींनी जमीन आणि कर्जाऊ भांडवल दिले, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. पण औंधच्या राजाने नांगराचा फाळ घडवला नाही. जमीन देणे हे ओझे उचलणे होते. फाळ घडवणे हा लक्ष्मणरावांचा भार होता. प्रत्येकाने आपापले केले, म्हणून नांगर शेतात टिकला.

आणखी एक शंका राहते. जुना कारागीर आपल्या चेल्याला करूनच दाखवीत असे. मग करून दाखवण्यात दोष कोणता? दोष नाही. निर्गमाच्या पस्तिसाव्या अध्यायात बसालेल आणि अहलियाब यांना कुशलतेबरोबर दुसऱ्यांना शिकवण्याचे मनही मिळाले होते असे सांगितले आहे. शिकवणे हा कारागिरीचाच भाग आहे. पण चांगला कारागीर शिकवतो कसा, ते पाहा. आमच्या ओळखीचे एक वृद्ध साचेकार पुष्कळ वर्षे फौंड्रीत होते. ते पोराला वाळूचा साचा एकदा भरून दाखवीत, आणि मग स्वतःच्या हाताने तो मोडून टाकीत. “आता तू,” एवढेच म्हणत. पोराचा साचा बिघडला तर कास्टिंगमध्ये पोकळी राहायची आणि लेथवर चढवल्यावर ती सगळ्यांना दिसायची. ते पोराला लेथपाशी नेऊन ती दाखवीत, पण रागावत नसत. त्यांच्यापासून आम्ही एक नियम उचलला आहे: करून दाखवावे, पण केलेले मोडावे. त्या रात्री शेजारच्या मुलाने गाडी दुरुस्त केली, येथवर हरकत नव्हती. सकाळी आम्ही नातवाला म्हणायला हवे होते, की दादाने हे असे केले, आता त्याने केलेले काढून टाक आणि तुला समजेल तेवढे तू कर. गाडी कदाचित वळणावर पडली असती. पडू द्यायला हवी होती.

दुसरा नियम असा, की घेतलेल्या मदतीचे नाव सांगावे. चाके काकांनी आणली, प्रोग्रॅमचा हा भाग शेजारच्या दादाने शिकवला, वळण माझे मला जमले नाही, असे तक्त्यावर लिहायला लाज कसली? लपवलेली मदत खोटे होते. सांगितलेली मदत कृतज्ञता होते. परीक्षकांनीही हे मनावर घ्यावे. सर्वांत वेगवान गाडीला एक बक्षीस असू द्यावे, पण आपली चूक कोणती आणि ती कशी शोधली हे ज्याला सांगता येते, त्यालाही एक ठेवावे. तसे बक्षीस गेल्या वर्षी असते, तर ते कोणाकडे गेले असते हे आम्हांला ठाऊक आहे.

आणि हे सगळे शाळेच्या यंत्रांपुरतेच आहे असे समजून वाचकांनी पान उलटू नये. नाताळाला आपण ताऱ्यांची स्पर्धा घेतो. त्यांतले किती तारे मुलांच्या हातचे असतात? बांबूच्या कांबी बाप बांधतो, कागद आई चिकटवते, आणि मूल तारा धरून फोटोला उभे राहते. चित्रकलेच्या कागदावर मेंढपाळांचे चेहरे कोणाच्या पेन्सिलीने उमटलेले असतात, हे शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना कळत नाही काय? वाकडा तारा मंडळीत टांगला तर मंडळीची शोभा जाईल, ही भीती आपल्याला असते. पण ज्या मुलाने तो वाकडा तारा स्वतः बांधला, ते उपासनेभर वर बघत बसेल, आणि पुढच्या वर्षी तो कसा सरळ करावा याचा विचार करील. सरळ ताऱ्याकडे बघून मुलाला एवढेच कळते, की आपल्या हातचे कोणाला नको आहे.

यंदा पुन्हा स्पर्धा आहे. नातवाने पुन्हा तीच गाडी करायला घेतली. सेल आणि मोटारी आम्ही आणून दिल्या आहेत; शेजारचा मुलगा रविवारी दुपारी येऊन समजावून सांगतो आणि आपण लिहिलेले पुसून जातो. निपाणीच्या त्या शाळेच्या बाईंना आम्ही निरोप धाडला आहे, की मोटारींचा एक जोड आमच्याकडे जादा आहे, मुलीला हवा असल्यास कळवावे. त्यांचे उत्तर आले नाही, पुन्हा विचारू.

काल रात्री गाडी वळणावर बाहेर पडली. नातू पालथा पडून तिच्या पोटाखाली बघत होता. आम्ही शेजारी बॅटरी धरून बसलो होतो. आमचा हात दोनदा त्या आकड्याकडे गेला, आणि दोनदा आम्ही तो मागे घेतला. इतक्या वयात हात मागे घेण्याइतके अवघड काम आम्हांला क्वचितच पडले असेल. साडेदहाला तो म्हणाला, “आज्जा, उद्या बघू,” आणि दिवा मालवून झोपला. गाडी अजून वळलेली नाही.